वरचं पाणी, खालचं पाणी

याकोबबुवांचा आवाज अलीकडे लवकर बसायचा, आणि बुवा स्वतः त्याहून लवकर बसायचे. कीर्तनाला उभं राहायचं म्हणजे आधी गुडघ्यांची मनधरणी, मग गळ्याची आणि शेवटी मनाची. त्यात मन सगळ्यात हट्टी. बायको, तानाबाई, गेल्यापासून ते कशासाठीच चटकन उठत नव्हतं.

एके काळी कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तन म्हटलं की याकोब आवळे, दुसरं नाव कुणी घ्यायचं नाही. दिवसभर दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधं बांधायची आणि संध्याकाळी डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन नुसतं वाचून दाखवलं तर माणूस मान डोलावतो आणि चप्पल घालेपर्यंत विसरतो. तेच गाऊन सांगितलं की बाई भाकरी थापताना ते गुणगुणते. ज्यांनी हा अनुभव घेतलाय त्यांना पटवायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांची कीव करावी. पण आता तरुणांना गिटार हवी होती, भिंतीवरच्या पडद्यावर शब्द हवे होते. बुवांच्या वाट्याला वर्षातून एकच कीर्तन उरलं होतं, हंगामाच्या सणाचं. लोक त्या दिवशी ऊस, भुईमूग, भोपळे, गुळाच्या ढेपा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणून देवापुढं ठेवतात, कीर्तन ऐकतात, जेवतात आणि मग त्याच वस्तूंचा लिलाव करून घरी नेतात.

यंदा विषय ठरला होता जगाच्या उत्पत्तीचा. आणि विषय ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी उदयसिंह भोरे बुवांच्या दारात उभे राहिले.

भोरे म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांतले सगळ्यात जुने. शहरात त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका छापायचे, पण बोलायचे वटहुकूम काढल्यासारखे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी चहा घेतला, साखर कमी आहे असं सांगितलं आणि मुद्द्यावर आले.

मुद्दा होता बुवांची मुलगी भैरवी. ती पुण्याला धर्मशास्त्र शिकली होती, तिथंच शिकवत होती, आणि इथल्या मंडळीत सहायक पाळकाची, म्हणजे धाकट्या पास्टरची, जागा निघाल्यावर तिनं अर्ज केला होता. सणाच्या दिवशी जेवणं झाल्यावर सभा बसणार आणि हात वर करून निर्णय होणार. भाऊसाहेबांना बाई पाळक झाल्याचं वावडं नव्हतं, असं ते दोनदा म्हणाले. त्यांना वावडं होतं भैरवीनं एका मासिकात लिहिलेल्या लेखाचं. आकाश म्हणजे पालथं घातलेलं भांडं आणि त्याच्यावर पाणी, असं जुन्या काळची माणसं समजत होती आणि उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्याच समजुतीत सांगितलाय, असं ती लिहिते. वर बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, लोकांच्या गोष्टी शेजारी मांडते. म्हणजे हे पुस्तक लिहिणाऱ्या मोशेनं काय तिकडून उसनवारी केली काय?

“बुवा, देवानं जग सहा दिवसांत केलं म्हणजे सहा दिवसांत,” भाऊसाहेब म्हणाले. “एवढं कीर्तनात ठणकावून सांगा. बाप बोलला म्हणजे पोरगी त्याच रांगेत आली, असं मी सभेत म्हणतो आणि हात वर करतो. माझ्यामागं किती हात वर होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. भाऊसाहेबांचा हात वर गेला की अर्ध्या देवळाचे हात वर जायचे, काहींचे तर विषय कळण्याआधी.

भाऊसाहेब गेल्यावर बुवांनी कपबश्या विसळल्या. एकट्या माणसाच्या घरात मोरीतसुद्धा एकच ताट असतं, आणि ते घासायलाही तितकाच कंटाळा येतो. भैरवी इथं आली तर या घरात दोन ताटं होतील, कुणीतरी संध्याकाळी दिवा लावेल, ‘आबा, गोळी घेतली का’ म्हणून ओरडेल. सहा दिवस तर सहा दिवस. आजवर तसंच तर सांगत आलो. त्यात खोटं काय सांगायचंय?

सणाच्या आधी भैरवी आली. बापानं रागाचं नाव ठेवलेली पोर, लहानपणापासून पेटीवर बापाच्या मागं बसणारी. यंदाही साथीला तीच बसणार होती. दुपारी दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत स्वयंपाकघरात बसले, आणि बुवांनी भाऊसाहेबांचं नाव न घेता विषय काढला. हे पालथ्या भांड्याचं काय खूळ आहे?

तिनं उठून परातीत तांब्याभर पाणी ओतलं, मधे एक वाटी पालथी घातली आणि वाटीवर पाण्याची धार धरली. वाटीच्या आतली जागा कोरडी राहिली. ती म्हणाली, त्या काळच्या माणसांना जग असं दिसत होतं. वर निळं दिसतंय ते पाणी, ते खाली पडत नाही म्हणजे मधे काहीतरी घट्ट आहे, ठोकून पसरलेल्या पत्र्यासारखं. त्याला झरोके, ते उघडले की पाऊस. जमिनीखाली पुन्हा पाणी. विहीर खणली की लागतंच. मिसरची, म्हणजे इजिप्तची, माणसं असंच मानत होती, बाबेलची असंच, आणि आपल्या शास्त्रातली माणसंही त्यांच्याच शेजारी राहत होती.

“म्हणजे देवानं त्यांना चुकीचं सांगितलं?” बुवांनी विचारलं.

“आबा, तुम्ही कागलच्या एमआयडीसीतल्या पोरांपुढं कीर्तन केलंत तेव्हा भट्टीचा दाखला दिलात. ऊसवाल्यांपुढं गुऱ्हाळाचा देता. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे आधीपासून आहे, त्यातच देव ठेवून दाखवता. आधी त्यांना भूगोल शिकवत बसत नाही. देवानं वेगळं काय केलं?”

बुवांना राग आला. तो तिच्या बोलण्याचा नव्हता, ते पटल्याचा होता. चाळीस वर्षं त्यांनी देवाला राजा म्हटलं, मेंढपाळ म्हटलं, पण देव कीर्तनकार आहे हे कधी सुचलं नव्हतं. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि पाठ दुखते म्हणून आडवे झाले. भाऊसाहेब आले होते हे त्यांनी तिला मग सांगून टाकलं. ती म्हणाली, तुम्हाला जे पटतं तेच सांगा, माझ्यासाठी काही ओढाताण करू नका. असं म्हणून तिनं सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर ठेवलं, पोरी ठेवतात तसं.

संध्याकाळी तालमीला गणपतराव आले. गणपतराव नदीकाठच्या गावातले शेतकरी, दुधाचा धंदा, घराणं माळकरी. पण बुवांच्या मागं तबल्याला तेच बसायचे. देवळात आले की चप्पल काढायच्या आधी येशूला नमस्कार, आणि ‘आमच्या देवाला सांगून आलोय’ हे ठरलेलं. चौथ्या दिवसाचं, देवानं सूर्यचंद्र केल्याचं, पद चाललं होतं. भैरवी सांगत होती की शेजारची राष्ट्रं सूर्याला आणि चंद्राला देव मानत, म्हणून या अध्यायात त्यांची नावंही घेतलेली नाहीत. एक मोठा दिवा, एक धाकटा दिवा, एवढंच.

गणपतरावांनी तबल्यावरचा हात थांबवला. “म्हंजे आमच्या सूर्यनारायणाला कंदील केलासा की, पावणं.”

बुवा कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले की कंदील लावणारा कोण ते विचारा, त्यात सूर्यनारायणाचा अपमान नाही. गणपतराव म्हणाले, ते मी त्यालाच सकाळी इचारतो, आणि पुन्हा ठेका धरला.

पण बुवांचं ठरलं नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर त्यांनी थकलेल्या माणसाची युक्ती काढली. सहा दिवसांचा विषयच काढायचा नाही. बाबेलचं नावही घ्यायचं नाही. भाऊसाहेबांना वाटेल आपलं सांगितलं, पोरीला वाटेल आपलं सांगितलं. कीर्तन पार पडेल, पोर घरी येईल. देव काय, समजून घेतो.

सणाच्या दिवशी देऊळ भरलं. उसाच्या मोळ्या खांबांना बांधलेल्या, गुळाचा वास सगळीकडं. बुवा फेटा बांधून उभे राहिले तेव्हा पहिल्या रांगेत भाऊसाहेब बसले होते आणि त्यांच्या शेजारी ताटात झेंडूचा हार.

त्या हाराचं सांगायला हवं. कीर्तनाचा पूर्वरंग संपतो, म्हणजे वचनाचं विवरण होतं, आणि गोष्ट सुरू व्हायची असते, तेव्हा मधे कीर्तनकाराला हार घालतात. हे सगळीकडचंच. पण या मंडळीत त्याला एक जादा अर्थ होता. हार सगळ्यात जुन्या वडीलधाऱ्यानं घालायचा, आणि तो पडला की सांगितलेलं मंडळीनं पदरात घेतलं. मग त्यावर कुणी वाद घालायचा नाही. न पटलं तर तो जागचा उठत नाही आणि हार ताटातच राहतो. बुवांच्या तरुणपणी एका पाहुण्या कीर्तनकाराचा हार असा राहिला होता. तो बिचारा गोष्ट न सांगताच प्रार्थना करून उतरला.

भैरवीनं सूर दिला. बुवांनी डोळे मिटले, आणि का कोण जाणे, ठरवलेलं पद तोंडात आलंच नाही. आलं ते पाणी.

पुराचं साल सगळ्यांना आठवत होतं. पंचगंगा शहरात शिरली तेव्हा बुवांचं नाल्याकाठचं घर खालून भरत गेलं. बुवा आणि तानाबाई गच्चीवर, अंगावर ताडपत्री, वरून पाऊस थांबत नाही, खालून पाणी थांबत नाही. तानाबाईंना तेव्हाच दम लागायचा. बुवांनी ते सगळं सांगितलं, न रंगवता, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं. चहूकडं तपकिरी पाणी, त्यात कुणाचं कपाट, कुणाची म्हैस. बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर डोळ्याला लावला.

“तेव्हा आमची ही मला म्हणाली,” बुवा बोलले, “अहो, वर पाणी, खाली पाणी, मधे आपण दोघं. देवानं एवढीच जागा ठेवलीया बघा.”

मग त्यांनी आवाज लावला, फाटका होता तरी लावला:

पाणी वरी पाणी । पाणी खाली पाणी ।
मधे एक वाणी । तुझी देवा ॥
न उचले शस्त्र । न करी तो रण ।
शब्दाचे कुंपण । सागरासी ॥

गणपतरावांचा ठेका आत आला. त्यांच्याही गोठ्यात पाणी शिरलं होतं. तबला वाजवत होता तो हात तेव्हा म्हशींची दावी कापत फिरला होता. बुवा सांगू लागले. फार पूर्वीच्या माणसांना सगळं जग त्या गच्चीसारखं वाटायचं. वर पाणी आहे, खाली पाणी आहे आणि मधे आपण कसेबसे तगलोय. आजूबाजूचे लोक म्हणत, समुद्र हा राक्षस आहे, त्याच्याशी देवाला लढावं लागलं, त्याला फाडून त्याच्या कातड्याचं आभाळ करावं लागलं. पण आपल्या पहिल्या अध्यायात लढाई आहे का? नाही. देव पाण्याला म्हणतो, तू वर हो, तू खाली हो. आणि पाणी ऐकतं. बाकीच्या दिवशी देव दिवसाअखेर म्हणतो, चांगलं झालं. ज्या दिवशी पाणी वेगळं केलं त्या दुसऱ्या दिवशी मात्र तो असं काही म्हणाल्याचं लिहिलेलं नाही.

बुवा थांबले. त्यांना दम लागला होता, पण लोकांना वाटलं, थांबायचं होतं म्हणून थांबले.

“काही दिवस असेच असतात, मंडळी,” ते म्हणाले. “त्या दिवशी चांगलं म्हणण्यासारखं काही नसतं. पाणी अडवून धरलं, एवढंच काम. तेही देवाचंच.”

पूर्वरंग तिथंच संपला. पुढचं पद त्यांना आठवत होतं, पण गायचं बळ नव्हतं.

मग भाऊसाहेब उठले. त्या पुरात त्यांचा छापखाना छतापर्यंत बुडाला होता, कागदाचे गठ्ठे भिजून भिंतींना चिकटून बसले होते, आणि भाऊसाहेबांनी त्याबद्दल आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी हार बुवांच्या गळ्यात घातला, माईक हातात घेतला आणि लोकांकडं वळून म्हणाले:

“याला कीर्तन म्हणतात. साधं, शास्त्राला धरून. हे पुण्याला शिकून येत नाही.”

पेटीवर भैरवीची बोटं जिथल्या तिथं राहिली. बुवांनी मागं वळून पाहिलं. तिनं मान अगदी किंचित हलवली: जाऊ द्या. गणपतराव खाली बघून तबल्याची गादी नीट करत बसले, जी नीटच होती.

आता गप्प राहायचं होतं, बस. याहून सोपं काम बुवांच्या आयुष्यात आलं नव्हतं. हार पडला होता. भाऊसाहेब खूश होते. जेवणं झाल्यावर हात वर होणार होता, आणि घरात दोन ताटं होणार होती. अंगात इतका शीण होता की गप्प राहणं हीच विश्रांती. त्यांनी चिपळ्या उचलल्या, उत्तररंगाची गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गोष्ट सांगायला आधी मागं बसलेल्या पोरीकडून सूर मागायला लागणार.

तो मागणं त्यांना जमेना.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “बसा, पण ऐकून बसा. ही सांगितलेली गोष्ट पुण्याहूनच आलीय. गच्ची आमची होती. वरचं पाणी आणि खालचं पाणी या पोरीनं मला परातीत दाखवलं. तुम्ही लेखात वाचलंत ते हेच.”

मग त्यांनी उत्तररंगाला ठरवलेली गोष्ट घेतलीच नाही. बाबेलच्या राजानं धरून नेलेल्या यहुदी बंदिवानांची घेतली. आपलं मंदिर जळालेलं, परक्या नदीकाठी राहायचं, आणि दरवर्षी नव्या वर्षाला ढोल वाजवत मिरवणूक जाताना बघायची: आमच्या देवानं समुद्र फाडला, आमच्या देवानं आभाळ केलं. बंदिवानांची पोरं बापाला विचारणार, मग आपला देव हरला का? आणि एका बापानं, याजक असेल नाहीतर कुणी थकलेला गवई, पोरांना जवळ घेतलं आणि त्यांना ठाऊक असलेलंच पाणी, तोच अंधार, तेच पालथं आभाळ घेऊन सांगितलं: ते ढोल वाजू देत. आपला देव नुसता बोलला. हे असं घडलंच असेल असं बुवा म्हणाले नाहीत. विद्वान असं मानतात, पोर असं शिकवते आणि मला ते गाताना खरं वाटतं, एवढंच म्हणाले. सहा दिवसांचं म्हणाल तर मी मोजायला नव्हतो, तुम्हीही नव्हता, आणि ज्यांना सांगितलं ते मोजत नव्हते. ते घाबरलेले होते.

गाणं फारसं झालं नाही. आवाज गेला होता. शेवटची पदं भैरवीनंच म्हटली, पेटीवरून, आणि लोकांनी झांजा धरल्या.

भाऊसाहेब हाताची घडी घालून बसले. उठून गेले नाहीत. घातलेला हार परत काढून घ्यायची रीत नव्हती, आणि रीत मोडणारा माणूस तो नव्हे. जेवणाच्या पंगतीत ते बुवांपासून लांब बसले. लिलावात भोपळा त्यांच्याच नावावर पडला, तोही त्यांनी न बोलता उचलला. गणपतराव ताकाची वाटी घेऊन बुवांजवळ आले आणि म्हणाले, “लई अवघड केलासा बुवा. पर बरं केलासा.”

सभेत भाऊसाहेब शेवटी बोलले. पाण्याबद्दल बुवांनी जे सांगितलं त्याला मी हार घातलाय, तो मागं घेत नाही, असं म्हणाले. दिवसांबद्दल माझं मत माझ्यापाशी. मी हात वर करणार नाही. मी कुणाचा हात खालीही ओढणार नाही.

झालं तेच. भाऊसाहेबांचा हात खाली, म्हणून त्यांच्यामागचे हात अर्धे वर जाऊन मानेवर, कानावर खाजवत राहिले. मग मंडळीच्या थोरल्या पाळकसाहेबांनी वाट काढली. गगनबावड्याकडच्या छोट्या मंडळीला पाळकच नव्हता. भैरवीला वर्षभर तिथं पाठवावं, आणि मग शहराचं बघावं. याला कुणाची हरकत निघाली नाही. ज्या गोष्टीला कुणाचीच हरकत नसते ती बहुधा कुणालाच नको असलेली असते, पण नोकरी ती नोकरी.

घरी आल्यावर बुवांनी फेटा सोडला आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. भैरवीनं गरम पाणी आणलं, त्यांचे पाय बादलीत ठेवले.

“गप्प बसला असतात तर मी इथं असते, आबा.”

“व्हय.”

“मी मान हलवली होती.”

“बघितली. मग रोज जेवताना तुझ्याकडं बघायचं कसं, ते सांग.”

ती खाली बसली आणि त्यांच्या पायावर पाणी घालत राहिली. पाणी कोमट होत गेलं तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरत होती.

“शनिवारी येते मी एसटीनं,” ती म्हणाली. “दर शनिवारी जमेल असं नाही.”

“जमेल तसं ये.” बुवांनी डोळे मिटले होते. झोप लागली असं वाटलं, तेवढ्यात ते पुन्हा बोलले. “आईची लोखंडी शेगडी माळ्यावर आहे. ती घेऊन जा. तिकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.”